बादली कुणाच्या दारात टांगलेली असते?

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढं यावं, मुलांच्या शेजारी सतरंजीवर जागा आहे. पंख्याचा आवाज येत असेल तर सांगा, मी मोठ्यानं बोलेन. पंखा बंद करू नका, एप्रिल आहे.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अमेरिकेच्या ग्रामीण भागातील स्वयंसेवी अग्निशमन कंपन्या : इतिहास आणि आजची ओहोटी’. इतिहासही सांगणार आहे आणि ओहोटीही. पण आधी आपल्याच एका गावात जाऊन यावं लागेल, कारण मी या विषयाकडं वळले ती तिथून.

मी सातवीत होते. परीक्षा झालेली, चैत्रातली दुपार. आमच्या चुलत्यांची कडब्याची गंज गोठ्याला लागूनच रचलेली होती. ठिणगी कुठून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंज पेटली, गंजेवरनं गोठ्याचं छप्पर पेटलं. अर्धं गाव धावलं. दोनशे माणसं तरी असतील. विहीर साठ-सत्तर पावलांवर, विहिरीला पाणी होतं. मोटार होती, पण लाईट गेलेली. मग जो तो आपापली घागर घेऊन विहिरीवर. रहाट एक, दोर एक. भरलेली घागर घेऊन येणारा आणि रिकामी घेऊन जाणारा एकाच पायवाटेवर. एकमेकांवर आपटत होते, निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं. वाटेचा चिखल झाला आणि गोठा जळत राहिला. माझ्या चुलतीनं म्हशीच्या साखळीला हात घातला, साखळी तापलेली. तिच्या दोन्ही तळव्यांवर कड्यांचे वण शेवटपर्यंत होते. तिनं भाकरी थापताना तळवा उलटला की ते दिसायचे. दोन म्हशी आणि एक रेडकू गेलं. तालुक्याहून बंब निघाला तो अडीच तासांनी पोचला, तोही ओढ्यापाशी अडकला.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गावात त्या आगीवर जे बोलणं व्हायचं ते सगळं बंबावर. बंब उशिरा आला, रस्ता नीट नाही, आपल्याला कुणी विचारत नाही. हे सगळं खरं होतं. माझाही त्यावर राग होता, अजून आहे. पण माणसं दोनशे होती, पाणी होतं, अंतर साठ पावलं होतं. रांग लावायला पाहिजे होती हे त्या पाच-सहा वर्षांत एकदाही कुणी काढलं नाही. माझ्याही डोक्यात ते आलं नाही. ते डोक्यात यायला मला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जावं लागलं.

पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे जिल्हा, पण आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा. मका, तंबाखू, दूध. ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही तिथं गेलो आणि एकोणीस वर्षं राहिलो. मी तिथं हिशेबाची कामं करायचे. त्या एकोणीसपैकी चौदा वर्षं मी आमच्या गावच्या फायर कंपनीत होते. आधी स्वयंपाकघरात, नंतर खजिनदारांच्या हाताखाली. पेटत्या घरात मी कधी शिरले नाही. जे शिरले त्यांचा मला फार आदर आहे. पण आज मी बोलणार आहे ते घरात शिरण्याच्या आधी जे लागतं त्याबद्दल.

‘कंपनी’ या शब्दानं घोटाळा होतो म्हणून सांगते. ही नफ्याची कंपनी नाही. नाटक कंपनी म्हणतो ना आपण, तसा अर्थ घ्या. माणसांचा मेळा. आपल्याकडं तालीम असते, गणपती मंडळ असतं, तसंच हे मंडळ. घटना असते, वर्गणी असते, अध्यक्ष-खजिनदार निवडून येतात, इमारत आणि गाडी मंडळाच्या मालकीची. सरकारचं खातं नव्हे. गावात आग लागली की विझवायला जाणारा माणूस म्हणजे दूधवाला, सुतार, शाळेचा ड्रायव्हर. पगार शून्य.

आता बादलीकडं येते. ७ डिसेंबर १७३६. त्याच राज्यातलं फिलाडेल्फिया शहर. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा तीस वर्षांचा होता, छापखाना चालवायचा. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी ‘युनियन फायर कंपनी’ काढली. बॉस्टनमध्ये त्याच्या आधी आगीसाठी एक संघ झाला होता, पण तो आपसातल्या सभासदांचा माल वाचवण्यापुरता. फ्रँकलिननं आदल्या वर्षी स्वतःच्या वर्तमानपत्रात आगीबद्दल एक पत्र छापलं होतं. त्यात त्यानं चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, असं बजावलंय. आपल्या आजीनं सांगावं तसं. आणि मग ही कंपनी.

करार काय होता? प्रत्येक सभासदानं चामड्याच्या बादल्या आणि माल भरून बाहेर काढायला जाड कापडाच्या पिशव्या स्वतःच्या खर्चानं करून घ्यायच्या. त्यावर आपलं नाव घालायचं. त्या स्वतःच्या घरी ठेवायच्या आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायच्या नाहीत. आणि महिन्यातून एकदा संध्याकाळी एकत्र जमायचं, गप्पा मारायच्या, आगीबद्दल सुचेल ते बोलायचं. जो येणार नाही त्यानं दंड भरायचा. आपल्या भिशीत असतो तसा. (श्रोत्यांमधून : आमच्याकडं पन्नास रुपये!) पन्नास? मग तुमच्याकडं हजेरी चांगली असणार. फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की या गैरहजेरीच्या दंडातून पुढं बंब, शिड्या, लोखंडी आकडे विकत घेतले गेले. न आलेल्यांच्या पैशातून शहराचा पहिला चांगला सरंजाम उभा राहिला, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी गोष्ट मला याहून आवडते. तीसएक सभासद झाले आणि आणखी लोक यायला लागले. तेव्हा त्यांना सांगितलं, या कंपनीत आता जागा नाही, तुम्ही तुमची वेगळी काढा. त्यांनी काढली. मग तिसरी निघाली, चौथी निघाली. एक मोठी करायची नाही, लहान लहान पुष्कळ करायच्या. तीस माणसांत कोण आलं, कोण नाही हे डोळ्यांना दिसतं. तीनशेत दिसत नाही.

या बादलीचं एक चित्र डोळ्यांपुढं आणा. घराच्या पुढच्या दारापाशी, आपण छत्री टांगतो तिथं, खुंटीला टांगलेली. चामड्याची, शिवलेली, आतून-बाहेरून रंग दिलेला, वर मालकाचं नाव. रात्री ‘आग!’ अशी हाक आली की उठायचं, बादली काढायची आणि निघायचं. विहिरीपासून किंवा पंपापासून आगीपर्यंत दोन रांगा. एका रांगेतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढं, दुसऱ्या रांगेतून रिकाम्या मागं. कुणी चालायचं नाही, माणूस जागेवर, बादली चालते. रिकाम्या बादल्यांच्या रांगेत बायका आणि मुलं उभी राहायची. सकाळी आग विझल्यावर रस्त्यावर पडलेल्या बादल्यांतून नाव वाचून आपापली उचलून न्यायची.

दोन रांगा. इतकी साधी गोष्ट. मी हे पहिल्यांदा वाचलं ते आमच्या कंपनीच्या इमारतीत, भिंतीवर लावलेल्या एका जुन्या तक्त्यावर. हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आमच्या विहिरीवरची ती पायवाट मला दिसत होती.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी गेली दहा वर्षं भेटेल त्याला सांगते. या कंपन्यांचा पावणेतीनशे-तीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बादली कुठं टांगलेली होती याचा इतिहास आहे. ती घरात टांगलेली होती तोवर कंपनी गावाची होती. ती जसजशी घरातून निघून दुसरीकडं गेली तसतशी माणसं कमी झाली.

शहरात ती आधी निघाली. चाकांवरचे हातपंप आले. दोन्ही बाजूंना लांब दांडे, एकेका दांड्याला दहा-पंधरा माणसं, एक बाजू वर तर दुसरी खाली. मिनिटाला साठ हेलकावे. जोर लावला तर काही मिनिटांत माणूस गळून जायचा, मग दुसरी पाळी. याला ताकदवान तरुण पोरं लागतात. बादलीच्या रांगेत म्हातारा चालतो, बाई चालते, दहा वर्षांचं मूल चालतं. दांड्यावर ती चालत नाहीत. मग कंपनी पोरांची झाली, आणि पोरांची झाली की काय होतं ते तालमींच्या गावात मी सांगायला नको. पाण्याच्या नळापाशी पहिलं कोण पोचतं यावर मारामाऱ्या. आग बाजूला, दोन कंपन्या रस्त्यात एकमेकांशी भिडलेल्या. फिलाडेल्फियाला तर या मारामाऱ्यांत राजकीय टोळ्या शिरल्या.

एक बाजू सांगायलाच पाहिजे, नाहीतर हा इतिहास खोटा होईल. १८१८ साली फिलाडेल्फियातल्या काळ्या नागरिकांनी स्वतःची फायर कंपनी काढायचं ठरवलं. गोऱ्यांच्या कंपन्यांनी इतका विरोध केला की ती मोडावी लागली. आणि १७ मे १८३८ ला गुलामगिरीच्या विरोधकांनी बांधलेलं नवंकोरं सभागृह, पेनसिल्व्हेनिया हॉल, जमावानं पेटवलं. उघडून चारच दिवस झाले होते. फायर कंपन्या आल्या आणि त्यांनी शेजारच्या इमारतींवर पाणी मारलं. हॉल जळू दिला. ‘आम्ही गावाचे’ म्हणणाऱ्या मंडळानं गावात कोण कोण येतं हे आधी ठरवलेलं असतं. आपल्याकडं एका विहिरीवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी नाही, हे ठरलेलं होतंच ना? परवाच १४ एप्रिल झाला, बाबासाहेबांची जयंती झाली. चवदार तळ्याच्या महाराष्ट्रात मी बादल्यांच्या रांगेबद्दल बोलतेय याचं मला पूर्ण भान आहे. रांगेत उभा राहणारा प्रत्येक हात सारखा असेल तरच ती रांग.

१४ एप्रिलचं आणखी एक. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठीही होत्या आणि स्फोटकंही. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. ते पगारी जवान होते. पगार घेतला म्हणून त्यांचं जाणं कमी मोलाचं होत नाही. माझं भांडण पगाराशी नाही, हे नीट लक्षात घ्या.

शहरांत पुढं वाफेचा बंब आला. सिनसिनाटीनं १ एप्रिल १८५३ ला पगारी दल सुरू केलं. वाफेच्या बंबाला चाळीस माणसांचा जोर लागत नाही, घोडे आणि तीन-चार जाणकार पुरतात. न्यूयॉर्कनं १८६५ मध्ये तेच केलं, फिलाडेल्फियानं १८७१ मध्ये. फ्रँकलिनच्या शहरातच स्वयंसेवक घरी गेले. शहरांसाठी ते बरोबरच होतं.

खेडी मात्र राहिली. लँकेस्टर शहरात १७६० सालीच ‘युनियन’ नावाची कंपनी झाली होती, पण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना पुढं शंभर-दीडशे वर्षं बादलीच. वाफेचा बंब खेड्यात कोण पोसणार? गावोगावच्या कंपन्या खऱ्या निघाल्या त्या विसाव्या शतकात, मोटार आल्यावर. जुनी फोर्ड घ्यायची, गावच्या लोहारानं तिच्यावर पंप बसवायचा, झाली गाडी. वर्दी द्यायला काय होतं माहितेय? रेल्वे इंजिनाच्या चाकाची जुनी लोखंडी धाव. खांबाला टांगायची आणि हातोड्यानं बडवायची. आपल्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असतो ना, तोच आवाज. तिथल्या एका संग्रहालयात मी ती धाव बोटानं वाजवून बघितली आणि मला मधली सुट्टी आठवली. पुढं भोंगा आला. त्यानंतर काही सभासदांच्या घरी आगीचा खास फोन बसवायचे. नवरा शेतात, म्हणून फोन बायको उचलायची. आग कुठं आहे ते लिहून घ्यायची, भोंग्याचं बटण दाबायची आणि मग यादी घेऊन एकेकाला फोन करायची. पोळी तव्यावर असली तरी. म्हणजे बादलीची जागा फोननं घेतली, पण वस्तू घरातच होती.

मी पाहिलेली आग आता सांगते. आमच्या घरासमोर मक्याचं शेत आणि पलीकडं एक मोठा गोठा. तिकडचा गोठा म्हणजे दुमजली. टेकडीच्या उताराला टेकवून बांधतात, म्हणजे खालच्या बाजूनं गाई आत जातात आणि वरच्या बाजूनं गवताची गाडी थेट माडीवर. खाली जनावरं, वर हजारो पेंढ्या गवत. ते गवत थोडं ओलं असताना भरलं तर आतल्या आत तापतं. आपल्याकडंही ओल्या कडब्याची गंज तापते, हात घातला तर चटका बसतो. गवत भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा ते आपोआप पेटू शकतं. जाणते शेतकरी गवतात लोखंडी सळई खुपसून ठेवतात आणि मधून मधून काढून हाताला लावून बघतात.

जुलैची सकाळ होती. माडीतून धूर निघाला. भोंगा वाजला, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर शेतात खेचरांमागं चालणारा आमिश पोरगा खेचरं तिथंच सोडून पळत सुटला. आमिश म्हणजे तिकडचे जुन्या रीतीचे लोक. वीज घेत नाहीत, मोटार चालवत नाहीत, घोडागाडीनं जातात. जो आमिश नाही त्याला ते ‘इंग्लिश’ म्हणतात. म्हणजे मीसुद्धा इंग्लिश! (हशा) पण फायर कंपनीत ते पुष्कळ आहेत. बंब चालवत नाहीत, बंबात बसतात, नळी धरतात, शिडी चढतात. तर हा पोरगा डोक्यावरची गवती टोपी कुंपणाला अडकवून रस्त्यावर उभा राहिला. बंब थांबला, तो चढला, आणि उतरला तेव्हा अंगात जाड कोट, डोक्यावर शिरस्त्राण. बंब हाकणारा आमचा गावातला दूध गोळा करणारा होता.

आमच्याकडं नळ नव्हता. शहरात रस्त्याकडेला आगीचा नळ असतो, खेड्यात कुठला? मग त्यांनी जे केलं ते मी रस्त्यावर उभी राहून बघितलं. बंबाच्या कडेला घडी घातलेली एक चौकट होती. चौघांनी ती ओढून रस्त्यावर टाकली, उघडली, आतलं ताडपत्रीसारखं कापड पसरलं. झाला हौद. लहान मुलांनी पोहावं एवढा, आठ-दहा हजार लिटरचा. तोवर शेजारच्या गावचा टँकर आला. मागचं मोठं झाकण उघडलं आणि सगळं पाणी धो धो हौदात, एक-दोन मिनिटांत. टँकर लगेच निघाला, ओढ्यावर भरायला. त्याच्या मागं दुसऱ्या गावचा, मग तिसऱ्या. बंबाची जाड सक्शन नळी हौदात. आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच, वीस-बावीस फुटांच्या वर सक्शन घेत नाही तेच गणित. टँकर गोल फिरत होते, भरलेले एका रस्त्यानं येत होते आणि रिकामे दुसऱ्या रस्त्यानं जात होते.

दोन रांगा. तीच ती दोन रांगांची पद्धत, फक्त बादली आठ हजार लिटरची झालेली. गाई सगळ्या बाहेर निघाल्या. गोठा गेला. महिन्याभरात शेजाऱ्यांनी येऊन नवा उभा केला. लाकूड आधी कापून आणलेलं होतं, सांगाडा एका दिवसात उभा राहिला.

त्या दिवशी दुपारी एक शेजारीण माझ्या दारात आली आणि म्हणाली, विझवणाऱ्यांना जेवायला घालायचंय, चल. मी गेले आणि चौदा वर्षं जात राहिले.

आता मी ज्याच्यासाठी आले त्या स्वयंपाकघराबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये तिकडं बर्फ वितळतं, जमीन सगळी चिखल होते. त्या चिखलात तिथल्या पुष्कळ कंपन्या एकेक जत्रा भरवतात, तिला ‘मड सेल’ म्हणतात. चिखलातला लिलाव. गॉर्डनव्हिलचा फार मोठा असतो. घोडे, घोडागाड्या, नांगर, कपाटं, आणि गोधड्या. बायका हिवाळाभर बसून गोधड्या शिवतात, शेकडो डॉलरला जातात. लिलाव पुकारणारे एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी ओरडत असतात. पैसा कंपनीला. आमच्याकडं वाया गेलेली साडी वापरून आजी वाकळ शिवते ना, तेच टाके. मी एका वर्षी इथल्या जुन्या साड्यांची वाकळ तिथं दिली. ती घेतली एका वयस्क आमिश बाईनं, आणि उलटी करून मागचे टाके पंधरा मिनिटं बघत उभी राहिली.

स्वयंपाकघरात चिकन-मक्याचं सूप पहाटे तीनपासून. शंभर लिटरच्या पातेल्यात. कोंबडीचं मांस हातानं उकलायचं, मक्याचे दाणे, अंडी, आणि पिठाच्या बोटानं चुरलेल्या गोळ्या. पातेल्याभोवती आम्ही बारा-पंधरा जणी. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचा पोरगा कंपनीत यायच्या वयाचा झाला, कोणाच्या गोठ्याची वायरिंग जुनी झालीय, हे सगळं तिथं कळायचं. मुलगा अठराचा झाला की आमच्यातलीच कुणी त्याच्या आईला विचारायची. नवीन माणसं भिंतीवरच्या जाहिरातीनं आली नाहीत, पातेल्यापाशी आली. पुढं मी खजिनदारांकडं गेले तेव्हा जुनी इतिवृत्तं वाचली. एका सभेत नवीन बंब घ्यायचा ठराव तीन ओळींत संपलाय आणि स्वयंपाकघरातली कॉफीची किटली बदलायची की दुरुस्त करायची यावर दीड पान! (हशा) हसा, पण मला ते फार मोलाचं वाटतं. किटली सगळ्यांच्या हातातली होती, म्हणून सगळे बोलले.

असंच एक स्वयंपाकघर २ ऑक्टोबर २००६ ला काय कामाला आलं ते थोडक्यात सांगते. त्याच काउंटीतल्या निकेल माइन्स इथं आमिश शाळेत एका माणसानं मुलींवर गोळ्या झाडल्या. दहा मुली, त्यातल्या पाच गेल्या. बार्ट टाउनशिपच्या फायर कंपनीतले लोक धावून गेले. त्यातल्या कित्येकांची त्या घरांत नाती होती, ओळखी होत्या. पुढचे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचं जेवण, रस्ते अडवणं, अंत्ययात्रेच्या घोडागाड्यांना वाट करून देणं, हे कंपनीनं केलं. आगीचा तिथं संबंध नव्हता. १२ ऑक्टोबरला पहाटे ती शाळा पाडून टाकली, तिथं आता कुरण आहे.

(इथे संयोजकांनी चिठ्ठी दिली.) हो, आलं लक्षात. शेवटची एसटी सव्वाआठला आहे आणि पलीकडच्या वाडीचे लोक बसलेत. दहा मिनिटांत आटपते. ओहोटी राहिलीच आहे, ती पटकन सांगते.

पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात स्वयंसेवक सुमारे तीन लाख होते. २०१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळापुढं अहवाल आला, त्यात आकडा होता ३८ हजारांच्या आसपास. सगळ्या देशात १९८४ मध्ये जवळपास नऊ लाख, २०२० मध्ये पावणेसात लाख. आजही तिथल्या आग विझवणाऱ्यांत तीनातले दोन बिनपगारी आहेत, पण गळती मोठी आहे. कारणं सांगतात ती अशी. नोकऱ्या दूर गेल्या, सकाळी सातला माणूस गाव सोडतो आणि रात्री येतो. आग दुपारी दोनला लागते. नवराबायको दोघं कामाला. प्रशिक्षण दीडशे तासांच्या वर गेलंय, आणि ते पाहिजेच, कारण आजच्या घरात प्लॅस्टिक जळतं, धूर विषारी असतो. बंबाची किंमत पाच लाख डॉलरच्या वर गेलीय, किती गोधड्या विकायच्या? वर्द्या वाढल्या, अपघात, आजारी माणसं, उगाच वाजणारे यंत्राचे गजर.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण माझ्या वह्यांत मला आणखी एक दिसलं. ज्या कंपन्यांनी जेवणावळी बंद केल्या, कारण एवढं कोण करणार, आणि फक्त वर्गणीची पत्रं पोस्टानं पाठवायला लागल्या, त्यांच्याकडं पैसे एखाद वेळी आले. माणसं आली नाहीत. आमिश भागातल्या कंपन्या त्या मानानं टिकून आहेत. लोक म्हणतात, श्रद्धाळू आहेत म्हणून. मी म्हणते, दिवसा गावात असतात म्हणून. शेतात, सुतारशाळेत, गोठ्यात. भोंगा ऐकू येतो तेवढ्या अंतरावर. आणि मार्चमध्ये प्रत्येक घरातून काहीतरी जातं. गोधडी, नाहीतर लोणच्याची बरणी, नाहीतर दोन हात. बादली अजून घरातच टांगलेली आहे.

आता आपलं. पाच मिनिटं. दिवसा आपल्या गावात कोण असतं? बायका असतात, डेअरीवाला, पिठाच्या गिरणीवाला, शाळेचे गुरुजी, बागेत काम करणारे. मग रांग त्यांचीच लागणार. बचत गट महिन्याला बसतोच, दंडही घेतो. त्या सभेत दहा मिनिटं आगीला द्या. कुणाच्या गंजेला लागून चूल आहे, कुणाची सर्व्हिस वायर पाचटाला घासतेय, हे त्या दहा मिनिटांत निघेल.

सामान आपल्याकडं आहे. द्राक्षबागायतदारांकडं ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, पाच-सहाशे लिटरची टाकी, दाबानं पाणी मारतो. करोनात त्यानंच गावं फवारली. ऊस पेटला की कारखान्याचा बंब येतो, पण तो येईस्तोवर ब्लोअर पाचटाच्या कडेला उभा राहू शकतो. फक्त उन्हाळ्यात रात्री टाकी भरून ठेवायची. शेततळी कुठं कुठं आहेत त्याचा कागद डेअरीच्या भिंतीवर लावा. आणि हे पाठ करा : आधी डीपीवरनं लाईट बंद, मग पाणी. तारा जिवंत असताना पाणी मारायचं नाही. तेलाच्या कढईवर पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवायचं. पेटत्या घरात शिरायचं नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. १०१ ला फोन पहिल्या मिनिटाला करायचा, बंब बोलवायचाच. आपण रांग लावतो ती बंब येईपर्यंतच्या वेळासाठी.

जनावराच्या दाव्याला साखळीऐवजी सुटणारी गाठ मारता येते. ती कशी मारायची ते मी आज दाखवणार होते, दोर आणलाय, वेळ नाही. उद्या सकाळी साडेसातला शाळेच्या मैदानावर या. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, रुळाचा तुकडा वाजवायची परवानगी दिलीय त्यांनी. हापशापासून पिंपळाच्या पारापर्यंत सत्तर पावलं भरतात, मी आज दुपारी मोजली. मोठ्या माणसांनी एक एक बादली घरून आणावी, वर ऑईलपेंटनं आपलं नाव घालून. मुलांनी रिकाम्या बादल्यांच्या रांगेत उभं राहायचंय. पलीकडच्या वाडीचे लोक, तुम्ही आता निघा, एसटी लागली असेल.